जपानी येत नाही, तरी जपानमध्ये सिनेमा पाहता येईल?

प्रश्न : मुलगा तोक्योत नोकरीला आहे. लवकरच आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. सिनेमाचे वेड जुने, पण जपानी भाषेचा गंध नाही. तिथल्या थिएटरात जाऊन काही कळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जा. तिकीट काढताना एवढेच बघा की खेळ ‘जिमाकु’ आहे की ‘फुकिकाए’. जिमाकु म्हणजे मूळ आवाज आणि पडद्यावर जपानी सबटायटल्स. फुकिकाए म्हणजे जपानी डबिंग. हॉलीवूडच्या मोठ्या चित्रपटांचे बऱ्याचदा दोन्ही प्रकारचे खेळ असतात. जिमाकुचे तिकीट काढलेत की इंग्रजी सिनेमा इंग्रजीतच ऐकू येईल. जपानी चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह क्वचितच लागतात. तसा एखादा खेळ असला तर मुलाला शोधून ठेवायला सांगा.

तिकीट आपल्यापेक्षा महाग आहे. ‘तोहो सिनेमाज’ या मोठ्या साखळीने जून २०२३ मध्ये साधे तिकीट २,००० येन केले. मात्र साठी ओलांडलेल्यांना तिथे चांगली सवलत मिळते. वयाचा पुरावा मागू शकतात, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. महिन्याच्या १ तारखेलाही बहुतेक ठिकाणी तिकीट स्वस्त असते.

मध्यंतर सहसा नसते, तेव्हा खाणे आधीच घ्या. पॉपकॉर्न आणि पेयासाठी एकच ट्रे मिळतो. त्याचा बुंधा खुर्चीच्या हातातल्या खळग्यात घट्ट बसतो आणि मांडी मोकळी राहते. सिनेमा सुरू झाला की कुजबुजही ऐकू येत नाही. शेवटची श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत बहुतेक प्रेक्षक जागचे हलत नाहीत. तुम्हीही बसून राहा. पडद्यामागे राबलेल्या माणसांची नावे सरकत असताना सगळे सभागृह शांत बसलेले असते. प्रेक्षकांनी कलावंतांना दिलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

या शांततेवरून जपानी प्रेक्षक थंड आहे असे मात्र समजू नका. ‘ओएन जोएई’ नावाचे खास खेळ असतात. त्यांत ओरडायला आणि चमचमत्या कांड्या हलवायला मुभा असते. ‘बाहुबली’ आणि ‘आरआरआर’चे असे खेळ तिथे दणक्यात झाले. रजनीकांतचा ‘मुथू’ १९९८ मध्ये जपानमध्ये लागला आणि तुफान चालला. भारतीय चित्रपटांच्या कमाईचा त्याचा तिथला विक्रम ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘आरआरआर’ने मोडला. तुमच्या मुक्कामात एखादा हिंदी चित्रपट जिमाकुमध्ये लागला असेल, तर तोच आधी पाहा. संवाद तुम्हाला थेट कळतील आणि जपानी प्रेक्षक आपल्या सिनेमात कसा रमतो, तेही शेजारी बसून अनुभवता येईल.

निघताना तिकीटखिडकीजवळच्या दुकानात त्या चित्रपटाची छापील पुस्तिका मिळते का, ते पाहा. भाषा जपानी असली तरी त्यातली छायाचित्रे आणि छपाई संग्रही ठेवण्याजोगी असते.