देवालाही शीण येतो



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ध्यान शिकवतायत. आसन कसं असावं, शरीर कसं ताठ ठेवावं, मन कुठे लावावं, हे सगळं सांगून होतं आणि मग ते एकदम जेवणावर आणि झोपेवर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसाच सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं-फिरणं, कामातली धडपड, झोप आणि जागरण सगळं ‘युक्त’ आहे, म्हणजे मापात आहे, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

हे श्लोक वाचताना आपल्याला बहुतेक वेळा अर्धीच बाजू ऐकू येते : कमी खा, कमी झोप, आळस सोड. पण भगवंत दोन्ही बाजूंना सारखंच ‘नाही’ म्हणतात. या आठवड्यात ती दुसरी बाजू मला जरा जास्तच ऐकू येतेय, कारण गेल्या रविवारी मी मुंबई मॅरेथॉन धावले. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर. आज चौथा दिवस आहे आणि मी अजून जिना उतरताना कठडा धरतेय.

पाय काय सांगतायत

गंमत म्हणजे जिना चढताना एवढा त्रास होत नाही, उतरतानाच होतो. कारण उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच आपलं वजन पेलत असतात. धावताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा हेच होतं, आणि मॅरेथॉनमध्ये ते हजारो वेळा होतं. त्यातून स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते. दुखणं लगेच नाही, तर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. स्नायूंमध्ये साठवलेली साखर संपलेली असते, ती नीट जेवून पुन्हा भरावी लागते. दुखणं आठवड्याभरात जातं, पण आतली दुरुस्ती त्यानंतरही चालू राहते. म्हणून जुने धावपटू म्हणतात, जितके मैल धावलात तितके दिवस शरीराला द्या. मैल २६, म्हणजे जवळजवळ महिना!

आणि ही दुरुस्ती मी करत नाहीये. मी फक्त जेवते, पाणी पिते, थोडं चालते आणि झोपते. बाकीचं काम आत कोणीतरी शांतपणे करतोय. चार महिने ‘मी पळाले, मी सराव केला’ असं म्हणून झालं. आता ‘मी’ला काही कामच उरलेलं नाही.

मन काय सांगतंय

खरं सांगायचं तर पायांपेक्षा मन अवघड गेलं. सोमवारी पदकाचा फोटो, ऑफिसमध्ये कौतुक, सगळं मस्त. मंगळवारी पहाटे साडेचारला सवयीने जाग आली आणि जायला कुठेच नव्हतं. एकदम रिकामं वाटलं. मोठं काही पार पडल्यावर हे बऱ्याच जणांना होतं. परीक्षा संपल्यावर, घरातलं लग्न पार पडल्यावर, गणपती विसर्जनानंतर, पारायणाची सांगता झाल्यावर. मग मन लगेच पुढचं काहीतरी शोधायला लागतं. स्ट्राव्हा उघडून बघितलं तर ओळखीचे दोघं तिसऱ्याच दिवशी दहा किलोमीटर धावून आलेले. मनात आलंच, आपणही थोडं जाऊन यावं का?

माझी खरी भीती मात्र वेगळी होती. या चार महिन्यांत माझं नाम पावलांवर बसलं होतं. एका पावलाला ‘राम’, पुढच्या पावलाला ‘कृष्ण’, मग ‘हरी’. पेडर रोडच्या चढावर पाय उचलत नव्हते तेव्हा तेवढंच उरलं होतं. मग आता धावणंच थांबलं तर नामही थांबेल का? ते धावण्याचंच एक अंग होतं, की माझं होतं?

पंढरपूरची प्रक्षाळपूजा

त्याच संध्याकाळी आई माझ्या पोटऱ्यांना कोमट तेल चोळत होती. मी म्हटलं, “आई, तू कशाला माझ्या पायांना हात लावतेस?” तर ती म्हणाली, “अगं, पंढरीत देवाचेही पाय चोळतात.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आषाढी आणि कार्तिकी वारीच्या काळात पंढरपुरात विठोबाचं दर्शन चोवीस तास खुलं असतं. शेजघरातला देवाचा पलंग काढून ठेवतात, म्हणजे देव झोपतच नाही. उभ्या देवाला टेकायला पाठीशी लोड ठेवतात. आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, रात्री शेजारतीच्या वेळी औषधी काढा देतात. पलंग परत येतो. इतके दिवस उभं राहून आलेला देवाचा शीण असा काढतात.

किती प्रेमाने विचार केलाय आपल्या लोकांनी! अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला देव, पण त्याला कोणी ‘तुला काय, तू तर देव’ असं म्हणत नाही. वारीतही तेच. ज्ञानोबा माऊलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते, मग दिवेघाट चढून गेल्यावर सासवडलाही दोन मुक्काम करते. मुक्कामाच्या दिवशी वारी थांबली असं कोणी म्हणत नाही. मुक्काम वारीतच धरलेला असतो.

माऊली ज्ञानेश्वरीत याच श्लोकांवर बोलताना मोजकं बोलायला आणि मोजक्या पावलांनी चालायला सांगतात, आणि पुढे सांगतात की झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा. मान! आपण झोपेला फार तर परवानगी देतो, तीही कुरकुरत.

कोणासाठी धावलो?

आता याच्या शेजारी सतराव्या अध्यायातले ५ आणि ६ हे श्लोक ठेवून बघा. दंभ आणि अहंकाराने, शास्त्राने न सांगितलेलं घोर तप करणारे लोक स्वतःच्या शरीराला छळतात आणि शरीराच्या आत राहणाऱ्या मलाही छळतात, असं भगवंत म्हणतात. अशा निश्चयाला ते सरळ आसुरी म्हणतात.

याचा अर्थ मॅरेथॉन वाईट असा नाही. कष्टाला गीतेचा विरोध नाही, सहाव्या अध्यायात कर्मातली धडपडही ‘युक्त’ असावी असंच म्हटलंय. प्रश्न किती किलोमीटर हा नाही. थांबायची वेळ आली की थांबता येतं का, हा आहे. शरीर ‘आता नको’ म्हणत असताना फक्त दुसऱ्याचा आकडा बघून बूट चढवावेसे वाटले, तर तेव्हा धावतोय तो अहंकार. हीच कसोटी उपवासाला, रात्रभर चालणाऱ्या भजनाला, ऑफिसच्या कामालाही लावता येते.

आणि माझ्या भीतीचं काय झालं? काल रात्री आडवी झाले, पाय ठणकत होते, झोप येत नव्हती. पावलं नव्हती, पण श्वास होता. राम, कृष्ण, हरी. थोडं हळू, पण चालू होतं. कधी झोप लागली कळलं नाही.

आजचा नेम

१. आज झोपेची एक वेळ ठरवा आणि ती आरतीच्या वेळेसारखी पाळा.

२. मोठं काही नुकतंच पार पडलं असेल, तर पुढचं ठरवायच्या आधी काही दिवस मुक्काम करा.

३. अंथरुणावर पडल्यावर फोन बाजूला ठेवून श्वासावर अकरा वेळा नाम घ्या. मोजताना झोप लागली तरी चालेल.

४. घरात कोणी दमून आलं असेल, तर त्यांचे पाय चोळून द्या. तीही प्रक्षाळपूजाच.

विठ्ठला, हे शरीर तू दिलेलं आहे. चालायची वेळ येईल तेव्हा चालव, आणि थांबायची वेळ येईल तेव्हा थांबायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!