क्लोन केलेल्या जनावराचे मांस: पाप, रोग आणि तिसरा प्रश्न



मागे एका रविवारी मिस्सानंतर एका मातेने आम्हाला चर्चच्या पायरीवर थांबवले. तिचा मुलगा आणि सून अमेरिकेत नोकरीला आहेत. "फादर, तिथे म्हणे यंत्रात बनवलेल्या जनावराचे बीफ विकतात. माझ्या नातवंडांनी ते खाल्ले तर पाप लागेल का? आणि काही रोगबिग होईल का?" एका दमात दोन प्रश्न. दोन्ही चांगले आहेत, पण ते एक नव्हेत. आपण बरेचदा ते एकत्र कालवतो आणि मग घाबरतो.

प्रथम हे ध्यानात घेऊ या की क्लोन यंत्रात बनत नाही. मादीच्या बीजांडातील केंद्रक काढून टाकतात. ज्या जनावराची प्रतिकृती हवी त्याच्या शरीरातील एका पेशीचे केंद्रक त्या जागी घालतात आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या मादीच्या उदरात वाढवतात. वासरू जन्मते ते आईच्याच पोटी, फक्त त्याला नेहमीच्या अर्थाने बाप नसतो. डॉली ही प्रसिद्ध मेंढी ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रॉसलिन संस्थेत अशीच जन्मली. आपल्या देशातही कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ साली म्हशीची क्लोन पारडी जन्मली. पहिली काही दिवसांतच दगावली, दुसरीचे नाव गरिमा. त्याच संस्थेत २०२३ साली गीर गाईचे 'गंगा' हे वासरू झाले. तिथला हेतू दूध आणि जातिवंत पैदास हा आहे, मांस नव्हे.

आता रोगाचा प्रश्न. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनेक वर्षे अभ्यास करून जानेवारी २००८ मध्ये निष्कर्ष दिला की क्लोन केलेल्या गाई, डुकरे आणि बकऱ्या, तसेच त्यांची संतती, यांचे मांस व दूध नेहमीच्या जनावरांइतकेच सुरक्षित आहे. मेंढीबद्दल पुरेशी माहिती नाही, असेही त्यांनी सांगितले. त्याच वर्षी युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणालाही निरोगी क्लोन गाई व डुकरांच्या मांसात वेगळा धोका आढळला नाही. शिवाय एक क्लोन तयार करायला हजारो डॉलर लागतात, इतके महाग जनावर कोणी खाटकाकडे धाडत नाही. त्याचा उपयोग पैदाशीसाठी करतात आणि बाजारात येते ते त्याच्या नेहमीच्या पद्धतीने जन्मलेल्या संततीचे मांस. तेव्हा त्या मातेने नातवंडांच्या पोटाची काळजी करू नये.

पापाच्या प्रश्नावर संत पौलाने आपले काम सोपे करून ठेवले आहे, निदान वरवर पाहता. करिंथमध्ये मूर्तींना वाहिलेले मांस बाजारात विकले जाई आणि नवख्रिस्ती गोंधळून जात. पौल त्यांना सांगतो की बाजारात जे विकते ते खुशाल खा, विवेकाच्या नावाखाली चौकशी करीत बसू नका (१ करिंथ १०:२५). अन्न आपल्याला देवाजवळ नेत नाही की दूरही लोटत नाही. पण तीनच वचने पुढे तोच पौल म्हणतो की कोणी तुम्हाला ते मांस कुठून आले हे सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे मांसात दोष नसला तरी ते ताटात कसे आले आणि आपल्या खाण्याने कोणाचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

हाच तो तिसरा प्रश्न. तो त्या मातेने विचारला नव्हता, पण आमच्या मते खरा तोच आहे. डॉलीसाठी २७७ बीजांडांवर प्रयोग झाले, २९ गर्भ तयार झाले, जगली ती एक. तंत्र पुढे सुधारले, तरी पुष्कळ गर्भ पडतात. काही वासरे पोटातच अवाजवी मोठी होतात, आईला यातना होतात, पोट चिरून वासरू काढावे लागते. युरोपच्या ज्या प्राधिकरणाने मांस सुरक्षित म्हटले, त्यानेच क्लोन जनावरांपैकी बऱ्याच जणांना गंभीर त्रास होतो, असेही नोंदवले आहे. ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम मनुष्याला अन्नासाठी प्राणी वापरण्याची मुभा देतो, पण त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही सांगतो (परिच्छेद २४१६ ते २४१८). इथे 'विनाकारण' या शब्दावर सारे अवलंबून आहे. उपाशी माणसाला अन्न मिळावे हे कारण आहे. आधीच भरलेल्या ताटातला मांसाचा तुकडा थोडा अधिक लुसलुशीत व्हावा, हे कारण आहे का? आमचे उत्तर 'नाही' असे आहे.

ख्रिस्तसभा क्लोनिंगला सरसकट 'नाही' म्हणते असा समज मात्र चुकीचा आहे. मानवाचे क्लोनिंग ती ठामपणे नाकारते. प्राण्यांच्या बाबतीत, पोपमहोदयांच्या जीवनविषयक अकादमीने १९९७ सालीच म्हटले होते की मानवाची किंवा इतर जीवांची गरज भागत असेल, मोठा लाभ होत असेल, तर अशा संशोधनाला जागा आहे. त्यासाठी प्राण्याचे रक्षण आणि जातींची विविधता या दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत. विविधतेची अट शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. सगळी झाडे एकाच कलमाची असली की एक कीड सबंध वाडी खाते.

राहिला जाणून घेण्याचा हक्क. २०१० साली ब्रिटनमध्ये असे उघडकीस आले की अमेरिकेतील एका क्लोन गाईच्या संततीचे मांस लोकांनी नकळत खाल्लेही होते. कोणी आजारी पडले नाही, पण लोक संतापले, आणि तो संताप आम्हाला रास्त वाटतो. युरोपियन संघात क्लोनपासूनचे अन्न आता पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. अमेरिकेत तसे लेबल लावण्याची सक्तीच नाही.

हे सगळे आम्ही त्या मातेला थोडक्यात सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "म्हणजे पोराने दुकानदाराला विचारावे ना?" विचारायला काहीच हरकत नाही, आम्ही म्हणालो, पण लेबल नसले तर त्या दुकानदारालाही ठाऊक नसणार.