दाढेचा पूर्ण हिशेब

दातांच्या उपचाराचा खर्च म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा नव्हे. रूट कॅनलमध्ये दाढेतली किडलेली नस काढतात, मुळांतल्या नळ्या बारीक फाइलींनी साफ करतात, गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या बंद करतात, मग वर सिमेंट भरून कॅप बसवतात. खालच्या दाढेला बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. एखादी साफ करायची राहिली तर ठणका परत येऊ शकतो. सांगितलेला दर पुष्कळदा नळ्या बंद करण्यापुरताच असतो. एक्स-रे आणि कॅप त्यात नसतात.

प्रस्तुत लेखकाला हे कळले ते दाढ गमावल्यावर. घर बदलापूरला, नोकरी दादरला. स्टेशनसमोरचा दवाखाना रात्री उशिरापर्यंत उघडा, दरही आसपासच्यांपेक्षा कमी. एकाही एक्स-रेशिवाय तासाभरात नळ्या साफ करून बंद झाल्या. एका बैठकीत रूट कॅनल करण्यात गैर काही नाही; पण नळ्या टोकापर्यंत भरल्या की नाही, हे एक्स-रेशिवाय दिसत नाही. कॅपचे पैसे निराळे म्हटल्यावर ती पुढच्या पगारावर ढकलली गेली, आणि दुखणे थांबल्यामुळे राहूनच गेली. आतून पोखरलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. चावण्याचा सारा जोर त्यांच्यावर येतो. आठ महिन्यांनी चिक्कीचा तुकडा दाढेखाली आला, कट्‌ असा आवाज झाला आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली. अशी दाढ सहसा सांधता येत नाही, काढावीच लागते. मग रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, वरची खाली उतरू लागते. ब्रिज बसवायचा तर दोन्हीकडचे धडधाकट दात घासावे लागतात, आणि इम्प्लांटचा खर्च कॅपच्या कितीतरी पट होतो.

मुंबईत स्वस्त उपचाराची दोन जुनी ठिकाणे आहेत: सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर काम करतात म्हणून अनेक जण बिचकतात. ही भीती बरीचशी अनाठायी आहे. विद्यार्थ्याचे काम शिक्षक तपासतात, आणि वेळ लागतो तो त्यामुळेच. खरा खर्च असतो तो खेपांचा. सकाळची ओपीडी, केसपेपरची रांग, एक्स-रेची रांग, मग पुढची तारीख. बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो. म्हणजे प्रत्येक खेपेला किमान अर्ध्या दिवसाची रजा. रोजंदारीवरच्या माणसाची तर त्या दिवसाची मजुरीच जाते.

म्हणून आधी उपचाराला किती खेपा लागतील ते पाहावे. दात काढणे, साधे सिमेंट भरणे, दात साफ करून घेणे ही कामे एक-दोन खेपांत उरकतात. त्यांसाठी लांबचे महाविद्यालय परवडते. रूट कॅनल आणि कवळीला अनेक खेपा लागतात. दात सरळ करायच्या तारा तर वर्ष-दोन वर्षे दर महिन्याला दाखवाव्या लागतात; तिथे घराजवळचा डॉक्टर थोडा महाग असला तरी बरा. अर्ध्यावर सोडलेला उपचार सर्वांत महाग पडतो, आणि बहुतेक उपचार अर्ध्यावर सुटतात ते अंतरापायी किंवा न सांगितलेल्या खर्चापायी. नेरूळ, खारघरसारख्या ठिकाणची खासगी दंत महाविद्यालये हा मधला मार्ग होऊ शकतो.

खुर्चीत बसण्यापूर्वी कॅपसकट एकूण खर्च आणि खेपांची संख्या कागदावर लिहून मागावी. कायद्यानुसार दंतवैद्याची नोंदणी राज्य परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये, साधारणतः 121 अंश सेल्सिअसच्या दाबाखालील वाफेत, निर्जंतुक केलेली हवीत आणि त्यांचे पाकीट रुग्णासमोर फोडले जावे. यात काटकसर करणारा दवाखाना कितीही जवळ असला तरी टाळावा.

काटकसर कॅपच्या प्रकारात मात्र करता येते. पुढच्या दातांना दाताच्या रंगाची सिरॅमिक किंवा झिरकोनियाची कॅप लागते, कारण ती दिसते. अगदी मागच्या दाढेला साधी धातूची कॅप स्वस्त पडते, चांगली टिकते आणि तिच्यासाठी दाढ घासावीही कमी लागते.