शब्दांची जोडी

आपल्या मावळात पाऊस मोठा. पावसाळ्यात लोणावळ्याला लांबून पाहुणे येतात. काहींना मराठी येत नाही. त्यांच्यासाठी आपण थोडी इंग्रजी शिकू.

'लोणावळा चिक्कीसाठी प्रसिद्ध.' इंग्रजीत म्हणतात, फेमस फॉर चिक्की. आपला 'साठी' चिक्कीला शेवटी चिकटतो. त्यांचा 'फॉर' चिक्कीच्या अगोदर येतो.

'धरण पाण्याने भरलेले.' म्हणजे, फुल ऑफ वॉटर. 'मूल पाण्याला भ्यालेले.' म्हणजे, अफ्रेड ऑफ वॉटर. पाहा बरं! आपण एकदा 'ने' लावला, एकदा 'ला' लावला. इंग्रजीत दोन्हीकडे 'ऑफ'च आला. म्हणून आपल्या प्रत्ययावरून त्यांचा शब्द ठरवू नये. बैलजोडी जशी एकत्र जुंपतो, तसे दोन्ही शब्द एकत्र पाठ करावे.

आता सर्वांत कामाची जोडी. २०२४ च्या जून महिन्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरावर पाऊस झाला की पाणी एकाएकी वाढते. आपल्याला हे ठाऊक असते, पाहुण्यांना नसते. ते मुलांना घेऊन पाण्यात उतरू लागले, तर आपण सांगू : डेंजरस फॉर चिल्ड्रन. म्हणजे, मुलांना धोक्याचे.

चला, हे तीन शब्द मोठ्याने म्हणू.