मुलांच्या हातातील मोबाईल : ख्रिस्ती पालक व शिक्षकांपुढील प्रश्न

विज्ञानाने माणसाच्या हाती अनेक साधने दिली. परंतु मोबाईलइतके घराच्या आतपर्यंत शिरलेले साधन क्वचितच दुसरे असेल. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून तो मुलांच्या हाती द्यावा लागला. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण मोबाईल मुलांच्या हातातच राहिला. हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही. तथापि ख्रिस्ती समाजाने, विशेषतः कॅथलिक चर्चने, माध्यमे आणि मुले या विषयाचा लेखी विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. तो समजून घेतला, तर वसईतील ख्रिस्ती कुटुंबाइतकाच तो इतरांनाही उपयोगी पडेल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘इंटर मिरिफिका’ हा आदेश प्रसृत केला. त्या वेळी वृत्तपत्रे, सिनेमा, रेडिओ व टेलिव्हिजन एवढीच प्रमुख माध्यमे होती. या साधनांचे त्यात स्वागत आहे. त्याचबरोबर तरुणांनी संयमाची सवय लावून घ्यावी आणि घरात काय येते यावर आईवडिलांनी लक्ष ठेवावे, असेही त्यात बजावले आहे. १९६७ पासून चर्च दरवर्षी जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळते. २००७ साली या दिनाचा विषयच ‘मुले आणि माध्यमे’ हा होता. त्या वर्षीच्या संदेशात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मुलांना चांगले साहित्य, कला व संगीत यांची ओळख करून देण्यावर भर दिला. केवळ ‘हे पाहू नको’ म्हणून भागत नाही, काय पाहावे हेही दाखवावे लागते, हा त्यातला बोध होय.

कार्लो अकुतिस या मुलाचे उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. १९९१ साली लंडनमध्ये जन्मलेला व मिलानमध्ये वाढलेला हा मुलगा संगणकात अत्यंत हुशार होता. श्रद्धेच्या विषयावरील माहिती गोळा करून त्याने संकेतस्थळ तयार केले. व्हिडिओ गेम मात्र आठवड्यातून एकच तास खेळायचा, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संत घोषित करण्यात आले.

परंतु प्रत्येक मुलाकडून एवढ्या संयमाची अपेक्षा करणे योग्य नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते, सिनेमाला मध्यंतर असते. मोबाईलवर एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. पाहणारा जितका वेळ थांबेल तितकी जाहिरातींची कमाई अधिक, हे त्यामागील गणित आहे. मोठी माणसेही जिथे थांबू शकत नाहीत, तिथे मुलाला एकट्याने थांबायला सांगणे हा अन्याय आहे. म्हणून पालकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१) वयाचा विचार : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतील मुलांना पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला.

२) सर्वांना एकच नियम : सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना ही ख्रिस्ती घरांची जुनी परंपरा. प्रार्थनेपासून जेवण होईपर्यंत घरातील सर्वांचे मोबाईल, वडिलांचाही, एका जागी ठेवावेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असाच प्रयोग सुरू केला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजताच दीड तास टीव्ही व मोबाईल बंद. गावाने हे मनावर घेतले, मग घराला का जमू नये?

३) पैशाचे व्यवहार : बँकेत काम करताना असे दिसते की, पालकांचा यूपीआय पिन मुलांना तोंडपाठ असतो. पिन व ओटीपी मुलांना सांगू नयेत. खेळातील खरेदीला कुलूप लावावे. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

४) विश्वास : हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. एखादा अनोळखी माणूस मुलीला फोटो मागतो, धमकी देतो. घरी सांगितले तर मार बसेल आणि मोबाईल जाईल, या भीतीने ती गप्प बसते. तिच्या गप्प बसण्यावरच त्या माणसाचे सारे बळ असते. म्हणून ‘काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही’, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे व तो शब्द पाळावा. मदतीसाठी १०९८ हा बालकांचा क्रमांक आहे.

रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातील शिक्षकांनीही मोबाईलला केवळ पाप म्हणून सोडून देऊ नये. खोटे खाते उघडणे, वर्गमित्राची टिंगल करणारे चित्र पुढे पाठवणे, यांत शेजाऱ्यावर प्रीती कुठे राहते, असा प्रश्न मुलांपुढे ठेवावा व त्यांनाच बोलू द्यावे. वर्गात ऐकलेले आणि घरात पाहिलेले एकच असेल, तर मुले ते सहज स्वीकारतात. याची सुरुवात आजच्या जेवणाच्या वेळेपासून प्रत्येक पालकाने करावी, एवढीच विनंती.