कायद्याची भीती आणि रुळाकाठची भाकरी

(वाचन : निर्गम १:१५-२१, मत्तय २५:३१-४६)



हिब्रू स्त्रीला मुलगा झाला तर त्याला जिवे मारा, असा हुकूम इजिप्तच्या राजाने सुइणींना दिला होता. शिफ्रा आणि पुवा या दोघींनी तो पाळला नाही. राजाचा शब्द हाच तेव्हाचा कायदा. गंमत अशी की, या पाठात सुइणींची नावे आहेत, राजाचे मात्र नाही.

त्या सुइणींची आठवण करून देणाऱ्या काही स्त्रिया मेक्सिको देशाच्या वेराक्रुझ राज्यात, ला पात्रोना नावाच्या छोट्या गावात आहेत. ग्वादालुपेच्या मातेवरून या गावाला हे नाव पडले. गावातून मालगाडी जाते. होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर येथील गरीब माणसे कामाच्या शोधात अमेरिकेकडे निघतात, ती या गाडीच्या टपावर बसून. हातपाय तुटतात, जीवही जातात. म्हणून लोक त्या गाडीला 'श्वापद' म्हणतात.

फेब्रुवारी १९९५ मध्ये रोमेरो कुटुंबातल्या दोन बहिणी पाव आणि दूध घेऊन घरी चालल्या होत्या. फाटकाजवळ गाडी जाईपर्यंत थांबल्या, तेव्हा वरून माणसे ओरडली, भूक लागली आहे. बहिणींनी होते ते सगळे देऊन टाकले. आता आई रागावणार, या धास्तीने त्या घरी आल्या. आई लेओनिला रागावली नाही. सर्वांनी मिळून रांधायचे ठरवले. सुरुवातीला सुमारे ३० जणांपुरता भात, घेवडा आणि मक्याच्या भाकऱ्या. पुढे हा आकडा शेकड्यांवर गेला. गाडी थांबत नाही, म्हणून पाण्याच्या बाटल्यांच्या जोड्या दोरीने बांधून धरायच्या, म्हणजे लटकलेल्या माणसाला एका हाताने ओढून घेता येतात. दुकानांतला उरलेला पाव मागून आणायचा. या स्त्रिया काही श्रीमंत नव्हेत.

त्या काळी मेक्सिकोत परवान्याविना आलेल्या परदेशी माणसाला आसरा देणे किंवा वाहनातून नेणे हा गुन्हा होता. घास देणेही माणसांच्या चोरट्या वाहतुकीत धरले जाईल, तुरुंगात जाल, अशी भीती त्यांना होती. त्या थांबल्या नाहीत.

इथे कुणी विचारील, अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास संत पौल सांगतो, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. कर भरणे, वाहतुकीचे नियम पाळणे यातून आपली सुटका नाही, आणि "मला पटत नाही" हे कायदा मोडायला पुरेसे कारण नव्हे. परंतु ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २२४२) सांगतो की, सत्तेचा आदेश नैतिक नियमांच्या विरुद्ध असेल तर तो न पाळणे हे सदसद्विवेकाचे कर्तव्य ठरते. या स्त्रियांनी कुणाकडून पैसा घेतला नाही, कुणाला सरहद्द पार करून दिली नाही. भुकेल्याला जेवू घातले, तेही दिवसाढवळ्या.

कायदाच पुढे बदलला. २००८ मध्ये परवान्याविना देशात असणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, आणि २०११ च्या कायद्याने मोबदला न घेता माणुसकीने केलेली मदत शिक्षेतून वगळली. २०१३ मध्ये नोर्मा रोमेरो यांना देशाचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला. मात्र २०१४ नंतर गाड्यांचा वेग वाढवला गेला, त्यामुळे पिशवी हातात पोहोचवणे अधिक अवघड झाले.

या आठवड्यात घरी रोझरीनंतर मुलांना विचारा : फाटकाजवळ आपण असतो आणि हातात उद्याच्या नाश्त्याचा पाव असता, तर?