धिंगरी अळिंबीच्या तंतुकणिकांचा जनुक-नकाशा

अळिंबीचे बियाणे विकत घेणाऱ्या उत्पादकास पिशवीतील पांढऱ्या तंतूंवरून वाण ओळखता येत नाही. दोन भिन्न वाणांचे तंतू डोळ्यांना बहुधा सारखेच दिसतात. खरी ओळख पेशीच्या आत असते आणि तेथे आनुवंशिक नोंदी दोन ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्यांपैकी बहुतेक केंद्रकात, तर थोड्या तंतुकणिकांत. अन्नापासून ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका म्हणजे पेशीतील वीजघरेच होत. या वीजघरांना स्वतःचा स्वतंत्र डीएनए असतो.

अळिंबीच्या बाबतीत या दुसऱ्या नोंदीस विशेष महत्त्व आहे. दोन तंतुजालांचा संयोग होतो तेव्हा केंद्रके एकमेकांच्या तंतूंत शिरतात. तंतुकणिका मात्र सहसा आपापल्या जागीच राहतात. परिणामी एकाच संकरातून, केंद्रके सारखी परंतु तंतुकणिका निराळ्या, अशी दोन तंतुजाले निर्माण होऊ शकतात. केवळ केंद्रकाची तपासणी करणाऱ्यास हा भेद कळणारच नाही.

धिंगरी या नावाखाली प्ल्युरोटस प्रजातीतील अनेक जाती येतात. त्यांपैकी प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटस या जातीच्या तंतुकणिकांतील डीएनएचा संपूर्ण क्रम २००८ साली प्रसिद्ध झाला. डीएनए ही चार प्रकारच्या रेणूंनी लिहिलेली लांबलचक ओळ होय. ती सलग वाचता येत नाही. म्हणून तिचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वाचतात आणि ज्यांची टोके परस्परांशी जुळतात ते तुकडे जोडत जातात. फाटलेल्या सात-बाराच्या अनेक प्रतींवरून मूळ उतारा तयार करावा, तसेच हे काम. अखेरीस ओळीची दोन्ही टोके एकमेकांस मिळाली, म्हणजेच हा डीएनए वर्तुळाकार ठरला. त्याची लांबी ७३,२४२ जोड्या भरली. मानवी तंतुकणिकांतील डीएनए १६,५६९ जोड्यांचा, म्हणजे धिंगरीचा त्याच्या सुमारे साडेचार पट आहे.

या वर्तुळात ४४ ज्ञात जनुके आढळली. त्यांपैकी १८ प्रथिनांची आणि २६ आरएनएची. प्रथिनांच्या जनुकांपैकी १४ तंतुकणिकांत नेहमी आढळणारी आहेत. मात्र डीएनए व आरएनए घडविणाऱ्या विकरांची ३ जनुकेही तेथे सापडली. त्यांच्यासारखी जनुके तंतुकणिकांतच असलेल्या एका स्वतंत्र, लहान डीएनए-रेणूवरही मिळाली. अशा एखाद्या रेणूमार्फत ही जनुके फार पूर्वी बाहेरून आली असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आईबापांकडून न येता शेजाऱ्याकडून आलेला हा वारसा म्हणावा लागेल!

बटण अळिंबीत हा प्रकार अधिकच ठळक आहे. तिच्या कॉक्स-१ या एकाच जनुकाची लांबी २९,९०२ जोड्या असून त्यात मधूनमधून १९ अंतर्वेशी खंड घुसलेले आहेत. प्रथिन बनविताना हे सर्व खंड गाळले जातात. असे खंड सर्व वाणांत सारखेच असतील असे नाही. वाणांची तुलना करताना त्यांचा उपयोग होतो तो याचमुळे.

तथापि या नकाशावरून एका पिशवीतून किती किलो उत्पन्न मिळेल, हे सांगता येत नाही. अळिंबीच्या गुणधर्मांची बहुतेक जनुके केंद्रकात आहेत. त्यामुळे वाण निवडताना लागवडीच्या चाचण्या घ्याव्याच लागतात. हाती आलेले बियाणे मागील वर्षीचेच आहे की काय, एवढी शंका मात्र दोन्ही नोंदी ताडून पाहिल्यास प्रयोगशाळेत पुष्कळशी फिटू शकते.